वीतभर पाण्याचं भांडण

नवरा-बायकोच्या भांडणाला कारण लागतं असं ज्यांना वाटतं, त्यांचं लग्न झालेलं नसावं. या घरात मात्र खरोखरच कारण होतं, आणि ते वीतभर होतं. वीतभर पाणी. तेही घरातलं नव्हे, शहराबाहेरच्या तलावातलं.

आधी तलाव समजून घेऊ, म्हणजे नवरा-बायको समजायला सोपे जातील. तलाव लांबलचक. एका टोकाला धरणाची भिंत, तिथे पाणी खोल. दुसऱ्या टोकाला नुसता पसरट, उथळ फुगवटा, तिथे बगळ्यांच्याही गुडघ्यापर्यंतच पाणी. अख्खं शहर हेच पाणी पितं, म्हणून तलावात किती उरलंय हे मोजायचं काम पाणीखात्याकडे. आणि पाणीखात्यात हे एकच काम करणाऱ्या दोन खोल्या होत्या. तळमजल्यावर खांबवाले, वरच्या मजल्यावर उपग्रहवाले. खांबवाले म्हणत, वरचे लोक उंटावरून शेळ्या हाकतात. उपग्रहवाले म्हणत, विहिरीबाहेरही जग असतं हे खालच्यांना कुणीतरी सांगा. दोन्ही खोल्या एकमेकींना पाण्यात पाहत, आणि त्या खात्यात दुसऱ्या कशात पाहण्याची सोयही नव्हती.

आता गंमत अशी, की खालच्या खोलीचा प्रमुख आणि वरच्या खोलीची प्रमुख हे एकमेकांचे नवरा-बायको. त्याला सगळे खांबराव म्हणत, तिला आभाळबाई. तोंडावरही म्हणत. दोघांना त्याचं काही वाटत नसे, कारण ही नावं त्यांनीच भांडताना एकमेकांना ठेवली होती आणि भिंती पातळ होत्या.

खांबरावचा जीव होता तो धरणाच्या भिंतीजवळ पाण्यात उभ्या असलेल्या लोखंडी खांबात. खांबावर आकडे रंगवलेले, आणि त्याच्याभोवती एक जाड नळकांडं, तळाशी भोकं पाडलेलं. बाहेर लाटा कितीही थयथयाट करोत, नळकांड्याच्या आत पाणी वाटीतल्या तेलासारखं स्थिर. हे नळकांडं त्याने स्वतः बसवून घेतलं होतं आणि पाहुण्यांना तो त्याचा फोटो दाखवी. आभाळबाईचा जीव होता उपग्रहात. तो ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या रेघेवरून, तलावाच्या उथळ टोकावरून जाई. जाता जाता खाली एक हाक मारी, पाण्यावर आपटून परत आलेला प्रतिध्वनी ऐके, आणि हाकेला परतायला किती वेळ लागला यावरून पाणी किती उंचीवर आहे ते आभाळबाईचा कॉम्प्युटर काढी. लाटांमुळे प्रतिध्वनी वेडावाकडा येतो, म्हणून ती असे ढीगभर प्रतिध्वनी घेऊन त्यांची सरासरी करी. थोडक्यात, लाटांचा बंदोबस्त त्यानेही केला होता आणि तिनेही. वाऱ्याची कटकट आपण केव्हाच मिटवलीय, अशी दोघांचीही पक्की खात्री होती.

हिवाळाभर दोघांचे आकडे इतके जुळले की एकाने दुसऱ्याची कॉपी केली की काय असा मोठ्या साहेबांना संशय आला. मोठे साहेब म्हणजे पाणीखात्याचे सर्वेसर्वा. त्यांचा आवाज पंपाच्या खोलीतही ऐकू येई. मग उन्हाळा लागला, गरम वारे सुटले, आणि आकडे फाटले. खांब म्हणे, पाणी इथपर्यंत आहे. उपग्रह म्हणे, छे, वीतभर खाली आहे. वीतभर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण तलावाच्या अख्ख्या पसाऱ्यावर वीतभर म्हणजे अर्ध्या शहराची तहान.

"तुझा खांब खचलाय," आभाळबाई भात वाढता वाढता म्हणाली.

"खांब खचला तर आकडा वाढेल की कमी होईल, एवढं तरी कळतं का?"

"वाढेल! वाढलाच आहे! तेच तर म्हणतेय!"

खांबरावने क्षणभर मनाशी हिशोब केला, ती बरोबर आहे हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्यामुळे तो जास्तच चिडला. "माझा खांब खडकात आहे. तुझ्या त्या डब्याखाली काय आहे? हवासुद्धा नाही."

"डबा म्हणू नकोस त्याला."

"बरं, पिंप."

टेबलाच्या टोकाला खांबरावची आई, म्हणजे आभाळबाईच्या सासूबाई, जेवत होत्या. त्या आयुष्यभर हॉस्पिटलात नर्स होत्या, त्यामुळे ओरडणाऱ्या माणसांचं त्यांना काही वाटत नसे. "दोघांचं ताप मोजायचं यंत्र वेगळं असलं की असंच होतं," त्या म्हणाल्या. "भाजी घ्या. ती मोजलेली नाही."

खरं सांगायचं तर हे भांडण सुखाचं होतं. लग्नानंतर कितीतरी वर्षं दोघांची नोकरी दोन टोकांच्या दोन शहरांत होती. संसार झाला तो फोनवर आणि स्टेशनवर. त्या काळात ते कधी भांडलेच नाहीत. भेटीच्या दोन दिवसांत भांडण कुणाला परवडतं? दोघांना एकाच ऑफिसात, एकाच छपराखाली जागा मिळाली तेव्हा आभाळबाईने पहिल्या आठवड्यात ओल्या टॉवेलवरून त्याच्याशी कडाक्याचं भांडण केलं आणि नंतर न्हाणीघरात जाऊन आनंदाने रडली. रोज भांडता येतंय म्हणजे रोज घरी आहे, असं तिचं सरळ गणित होतं.

त्या गणितावर मोठ्या साहेबांनी सोमवारी पाणी फिरवलं.

"वरून हुकूम आलाय," ते दोघांना समोर उभं करून म्हणाले. "एका तलावाला दोन मोजणारे कशाला, असं विचारतायत. आणि मलाही उत्तर सुचत नाही. दोघं जुळत होतात तेव्हा एक जण जास्तीचा होता. आता जुळत नाही म्हणजे एक जण चुकीचा आहे. शुक्रवारी मीटिंग. ज्याचा आकडा चुकीचा ठरेल त्याची खोली बंद, आणि खोलीच्या प्रमुखाची बदली."

"कुठे?" दोघांनी एकदमच विचारलं.

साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं. बोट नकाशाच्या पार कडेला गेलं, जवळजवळ चौकटीच्या लाकडावर. तिथून घरी यायचं तर एक रात्र आणि दोन गाड्या.

"आणि हेही ऐका," साहेब म्हणाले. "खांब बरोबर असेल तर शहराला रोज पाणी देईन. उपग्रह बरोबर असेल तर दिवसाआड. म्हणजे पुरावा नीट आणा. नळाला पाणी आलं नाही की लोक तुमच्या नव्हे, माझ्या नावाने बोंबलतात."

दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं.  

आभाळबाईने आपलं सगळं काम पुन्हा उसवलं. उपग्रहाची रेघ तपासली, हवेतल्या ओलाव्यामुळे हाक किती रेंगाळते ते तपासलं, ज्या शून्यापासून उंची मोजायची तो शून्यही तपासला. तिला कुठे चूक सापडेना. मग तिने चोरून त्याचे आकडे काढून तपासले, आणि खरा घोटाळा तिथे झाला, कारण तिला त्यातही चूक सापडेना.

आता कुणीतरी जायचंच, तर कोण, असा विचार तिने गुरुवारी भांडी विसळताना केला. खांबरावला पाठवायचं म्हणजे त्याला अंडं उकडायला शिकवण्यापासून सुरुवात. शिवाय त्याची आई इथे, तिची गुडघेदुखी इथे. मी एकटी राहिलेली आहे, मला सवय आहे. सवय आहे, असं तिने स्वतःला दोनदा सांगितलं आणि तिला असं काही रडू कोसळलं की नळ मोठा सोडावा लागला. पाणीखात्याच्या माणसाने नळ मोठा सोडणं हे पापच, पण सासूबाई बाहेरच बसल्या होत्या.

चूक कबूल करणं तिला बदलीहून जड होतं. ती चुकलेली नव्हतीच मुळी. आणि तिच्या शब्दावर साहेबांनी रोज पाणी सोडलं आणि उन्हाळ्याच्या शेवटी तलावाने तळ दाखवला, तर?  पण त्याचाही आकडा चोख आहे ना, मी स्वतः पाहिलाय ना, असं म्हणत तिने तो विचार बाजूला सारला. प्रेमात माणूस शहाणपणाने वागतो असं कुणी म्हटलेलं नाही.

शुक्रवारी मीटिंगच्या खोलीत साहेब, दोन्ही खोल्यांची माणसं आणि बिस्किटं जमली. साहेबांनी "हं" म्हटलं मात्र, आभाळबाई ताडकन उभी राहिली.

"साहेब, चूक माझी आहे. माझं गणित चुकलंय. खांबाचा आकडा बरोबर."

पण तिचं वाक्य कुणालाच नीट ऐकू आलं नाही, कारण समोरच्या बाजूला खांबरावही ताडकन उभा राहिला होता आणि तिच्याहून मोठ्या आवाजात सांगत होता, "साहेब, खांब खचलाय! चूक माझी! उपग्रह बरोबर!"

 बिस्कीट चावणाऱ्याने चावणं थांबवलं.

"पुन्हा बोला," साहेब म्हणाले.

दोघं पुन्हा बोलले. पुन्हा एकदमच.

"खांब खडकात आहे!" आभाळबाई त्याच्यावर ओरडली. "खडक खचतो का?"

"आणि तुझं गणित कधी चुकलंय?" खांबराव उलट ओरडला. "तू वाण्याच्या दुकानात मशीनच्या आधी बेरीज सांगतेस!"

साहेब हळूहळू लाल होत होते. "म्हणजे सोमवारी दोघंही बरोबर होतात, आणि आज दोघंही चूक? मग माझा तलाव आहे तरी कुठे?" त्यांनी टेबलावर हात आपटला, बिस्किटं उडाली. "सोमवारी तुम्ही एकमेकांना चूक म्हणत होतात, ते मला समजत होतं. घरोघरी तेच चालतं. पण हे काय आहे? नाही, मला सांगू नका. मला कळलंय, आणि ते मला आवडलेलं नाही. पाण्याच्या बाबतीत माझ्याशी खोटं बोलायचं नाही. प्रेमाने तर अजिबात बोलायचं नाही!"

मग त्यांनी उभ्या उभ्या फर्मान काढलं. उपग्रहाच्या रेघेखाली, तलावाच्या उथळ टोकाला, तसाच दुसरा खांब रोवायचा. तसंच नळकांडं. काठाकाठाने दुर्बिणीतून मापं नेऊन दोन्ही खांबांचा शून्य एकाच उंचीवर आणायचा. पुढच्या वेळी उपग्रह जाईल त्या दिवशी नवरा भिंतीच्या खांबाशी, बायको उथळ टोकाच्या खांबाशी. "आणि मी स्वतः होडीत, मधोमध. दोघांवर माझी नजर राहील." तलावाच्या मधोमधून दोन्ही टोकं दिसत नाहीत, हे साहेबांना सांगायची कुणाची छाती झाली नाही.

त्यानंतर घरात भयंकर गोष्ट घडली. दोघं एकमेकांशी गोड बोलू लागले. "तू आधी घे ना." "नको, तुझं होऊ दे." ओला टॉवेल पलंगावर पडला तर आभाळबाई तो मुकाट्याने वाळत टाकी. दोघांनाही माहीत होतं दुसऱ्याने मीटिंगमध्ये काय केलं ते, आणि तोंड उघडलं की तेच बाहेर येईल म्हणून दोघंही ते घट्ट मिटून बसले होते. वर टांगती तलवार होतीच: मोजणी झाली की दोघांपैकी एकाने जायचं.

"अरे, भांडा रे जरा," सासूबाई तिसऱ्या दिवशी कळवळून म्हणाल्या. "घरात कुणी शेवटच्या घटका मोजतंय असं वाटायला लागलंय."

मोजणीच्या दिवशी सासूबाई सुनेबरोबर उथळ टोकाला आल्या. तुमचं काय काम, असं विचारायची कुणाची टाप नव्हती. घडीची खुर्ची, छत्री आणि चहाचा थर्मास घेऊन त्या काठावर अशा बसल्या की तलावच त्यांच्या भेटीला आलाय. आभाळबाईने चपला काठाशी काढल्या आणि ती नव्या खांबापाशी चिखलात उभी राहिली. पलीकडे, दिसेनाशा भिंतीवर, खांबराव. मध्ये कुठेतरी नारिंगी जाकीट घातलेले मोठे साहेब आणि एक नावाडी. तिघांचे फोन एकमेकांना जोडलेले.

"सुरू करा!" साहेबांचा आवाज आला. फोन नसता तरी आला असता.

सकाळी वारा पडलेला होता. खांबरावने आकडा वाचला. आभाळबाईने आकडा वाचला. दोन्ही आकडे अगदी एक.

"जुळले?" साहेब म्हणाले.

"जुळले," दोघं कसंनुसं म्हणाले. आभाळबाईने तिथल्या तिथे हिशोब केला. म्हणजे दोन्ही टोकांना पाणी सारखंच आहे, म्हणजे उपग्रहच वीतभर चुकतोय, म्हणजे माझी खोली बंद. बरं झालं, तिने मनाशी म्हटलं. बरं झालं, मीच जाणार. आणि तिला ते मुळीच बरं वाटलं नाही.

मग वारा उठला. आधी तिच्या कपाळावरचे केस उडाले, मग सासूबाईंची छत्री उलटी झाली. वारा तिच्या पाठीमागून येत होता आणि भिंतीच्या दिशेने जात होता. रोज याच वेळी सुटतो तसाच.

"लाटा आल्या," खांबराव म्हणाला. "नळकांड्यात काही नाही. थांबा. बोटभर वाढलं."

"माझ्याकडे बोटभर उतरलं," आभाळबाई म्हणाली.

"झालं यांचं सुरू!" साहेब किंचाळले. "कोण खोटं बोलतंय?"

"मी नाही," दोघं म्हणाले.

"पुन्हा वाचा!"

त्याच्याकडे आणखी चढलं. तिच्याकडे आणखी उतरलं. आभाळबाईने नळकांड्यात पुन्हा डोकावून पाहिलं. आतलं पाणी शांतपणे, कुणीतरी बूच काढल्यासारखं, खाली चाललं होतं. खांबावर ओला पट्टा उघडा पडला होता. तिने वळून काठाकडे पाहिलं. चपला पाण्याला लागून काढल्या होत्या, आता त्यांच्यापुढे चांगला खाटेएवढा चिखल चमकत होता.

"आई, पाणी मागे गेलं का हो?"

"मघापासून चाललंय," सासूबाई छत्री सरळ करत म्हणाल्या. "मला वाटलं तुम्हीच सोडताय."

"गेलं कुठे पण?" आभाळबाई फोनमध्ये म्हणाली. "एवढं पाणी जाईल कुठे?"

 पलीकडून खांबरावचा आवाज आला आणि तो चक्क चिरकला. "अगं, माझ्याकडे आलंय! तुझं पाणी माझ्याकडे आलंय!"

"तुझ्याकडे!"

"सगळं! चढतंय अजून! तुझ्याकडे?"

"उतरतंय! अरे, भराभर उतरतंय!" आभाळबाई चिखलात उड्या मारू लागली. उडी मारली की पाय रुतत होता, उपसला की पचक आवाज येत होता. एवढी मोठी बाई, खोलीची प्रमुख, पण आनंद झाला की माणसाने काय करायचं हे कुठल्याच खात्याने ठरवून दिलेलं नाही. "अरे, आपण लाटा काढल्या रे! तू नळकांड्याने काढल्यास, मी सरासरीने काढल्या. आणि समजलो की वारा काढला! वारा नुसत्या लाटाच नाही करत, वारा अख्खा तलाव ढकलतो!"

"भिंतीकडे ढकलतो!"

"म्हणजे तुझा खांब बरोबर!"

"म्हणजे तुझा डबा बरोबर!"

"डबा म्हणू नको," ती म्हणाली आणि रडायला लागली, आणि रडता रडता हसायला लागली.

"मला कुणी सांगेल का काय चाललंय?" साहेब ओरडले. होडी गदागदा हलत होती हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

"साहेब, तुमच्याकडे बशी आहे का?"

"होडीत बशी कुठून असेल, बाई?"

"नसू दे. बशीत चहा आहे असं समजा. त्यावर जोरात फुंकर मारा. चहा कुठे जातो? पलीकडच्या काठाला चढतो की नाही? अलीकडे बशी कोरडी पडते. चहा तेवढाच. खांब पलीकडच्या काठावर, उपग्रह अलीकडच्या. दोघंही खरं तेच सांगतायत. हिवाळ्यात वारा नव्हता, म्हणून जुळत होतं. उपग्रह वरून जातो आणि खांब वाचला जातो ते नेमकं वारा भरात असताना, म्हणून फाटत होतं."

"आणि माझ्याकडे? मी सकाळपासून इथे बसलोय, माझ्याकडे काहीच वरखाली झालं नाही! नावाडी काठी बुडवून बुडवून थकला!"

"तुम्ही बशीच्या मधोमध आहात साहेब," खांबराव म्हणाला. "मध्ये काही होत नाही. खरं पाणी तेवढं तुमच्याकडेच आहे."

हे ऐकून साहेब थोडे सुखावले असावेत, कारण त्यांनी नावाड्याला काठी खाली ठेवायला सांगितलं.

तेवढ्यात वेळ झाली. आभाळबाईने मान वर केली. वर काही दिसत नव्हतं, दिसणारही नव्हतं, उपग्रह फार उंचावरून जातो. तरी तिने हात हलवला. सासूबाईंनीही हलवला, कुणाला ते न विचारता. (उपग्रहाचा आकडा दुसऱ्या दिवशी आला आणि तो तिच्या खांबाशी बोटभराच्या आत जुळला. पण आपण अजून काठावरच आहोत.)

"ऐका," शेवटी साहेब म्हणाले. "नुसत्या खांबाचं ऐकलं असतं तर उन्हाळा संपायच्या आत तलाव आटवला असता. नुसत्या उपग्रहाचं ऐकलं असतं तर पाणी असून लोकांना तहानलेलं ठेवलं असतं. आता रोज पाणी देईन, पण थोडं कमी वेळ. आणि तुम्ही दोघं! रोज सकाळी एका टेबलावर बसायचं, खांब, उपग्रह आणि वारा तिन्ही समोर घ्यायचे, आणि मला एकच आकडा द्यायचा. एकच. दोघांची सही. मीटिंगमध्ये खोटं बोलल्याची हीच शिक्षा. वरच्यांना काय सांगायचं ते मी बघतो. दोन्ही खोल्या राहतील. कुणी कुठे जात नाही."

कुणी कुठे जात नाही. आभाळबाईने ते शब्द ऐकले आणि त्या सोमवारपासून छातीवर बसलेलं ओझं एकदम उतरलं. पाय चिखलात, डोक्यावर ऊन, नाकातून पाणी वाहतंय, आणि इतकं सुख तिला कधी झालं नव्हतं. सुख होताच, इतके दिवस दाबून ठेवलेला राग उसळून वर आला.

"पण तू जाणार होतास!" ती फोनमध्ये कडाडली.

"काय?"

"खांब खचलाय म्हणालास! मला न विचारता! मला इथे टाकून निघाला होतास!"

"आणि तू? माझं गणित चुकलंय म्हणे! एक रात्र आणि दोन गाड्या! तू एकटी निघाली होतीस ते?"

"मी तुझ्यासाठी निघाले होते!"

"मग मी काय हवा खायला निघालो होतो?"

"तुला साधं अंडं उकडता येत नाही!"

"शिकलोय! बुधवारी शिकलो! आईला विचार!"

आभाळबाईने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी मान डोलावली. "तीन फोडली. चौथं जमलं," त्या म्हणाल्या. "तू बाजारात गेली होतीस तेव्हा."

बुधवारी. म्हणजे ती गुरुवारी नळ मोठा सोडून रडली, त्याच्या आदल्याच दिवशी हा माणूस तिथेच, त्याच शेगडीपाशी, एकटं राहायला शिकत होता. आभाळबाईचा आवाज आणखीनच चढला. "परत असं केलंस ना, तर याद राख!"

"काय करशील?"

"नोकरी सोडेन आणि तू जाशील तिथे तुझ्या डोक्यावर येऊन बसेन! नकाशाच्या बाहेर गेलास तरी येईन! परत फोनवर संसार करायचा नाही मला, कळलं? परत नाही करायचा!"

 खांबरावने नाक ओढल्याचा आवाज तलावाच्या या टोकापर्यंत स्वच्छ आला. "मलाही नाही करायचा," तो हळूच म्हणाला. "मी निघालोच. जीप काढतोय. तू तिथेच थांब."

"मी कुठे जातेय, मूर्खा! माझे पाय रुतलेत!"

"अहो," मध्येच तिसरा आवाज आला. तो बराच ओशाळलेला होता. "मी अजून लाइनवर आहे."

सासूबाई खुर्चीतून उठल्या, चिखलात दोन पावलं आल्या आणि त्यांनी सुनेच्या हातातून फोन घेतला.

"साहेब, मी यांची आई बोलतेय. पाण्याचं झालं ना तुमच्या?"

"झालं."

"मग आता तुम्ही ठेवा. पुढचं घरचं आहे."

आणि मोठ्या साहेबांनी फोन ठेवला.